व्हाव्राबाईंचं तिसरं फाटक

"तू म्हणशील तसं," वेंडेल म्हणाला, आणि गेलनच्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली.

विस्कॉन्सिन सोडल्यापासून हेच चाललं होतं. दाजी, नाश्ता कुठे करायचा? तू म्हणशील तसं. दाजी, काच खाली करू की एसी लावू? तू म्हणशील तसं. मिसूरी नदीच्या पुलावर गेलनने मुद्दाम विचारलं, "दाजी, गाडी इथून खाली नदीत घालू का?" तर वेंडेल पाण्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "तू म्हणशील तसं." आता अशा माणसाचं करायचं काय? भांडता येत नाही, हसवता येत नाही, खाली उतरवून पुढे जावं तर सख्ख्या बहिणीचा नवरा.

दर जुलैत गेलन आपलं दुकान बंद करून दक्षिण डकोटाच्या पश्चिमेकडच्या माळावर प्रेअरी डॉग मारायला यायचा. दुकान गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं, त्यामुळे ऐन हंगामात कुलूप बघून गिऱ्हाइकं शिव्या घालायची. गेलन म्हणायचा, घाला. या बिळांतल्या जनावराचं नाव कुत्र्याचं असलं तरी जात खारीची. हजारोंनी वस्ती करून राहतात, मुळापासून गवत खातात, आणि बिळाच्या तोंडाशी उभे राहून दिवसभर चिवचिवाट करतात. रँचवाल्यांना, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांना, ते डोळ्यांसमोर नको असतात, म्हणून लोक लांबलांबून बंदुका घेऊन येतात. नेम धरणं काही अवघड नाही. अवघड असते ती चांगली जागा सापडणं. गेलनची सगळी हौस त्या शोधातच होती आणि तो शोध त्याला एकट्याने करायला आवडायचा.

पण यंदा निघायच्या आधी लोरेनताईचा फोन आला. "वेंडेलला बरोबर ने," ती म्हणाली.

"अगं ताई, त्यांनी आयुष्यात कधी खारीवर दगड तरी मारलाय का?"

"ते मला सांगू नकोस. तो रोज पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतो. गाई विकल्या त्या मार्चपासून हे चाललंय. काही बोलत नाही, काही मागत नाही. समोर ठेवलं तर खातो. मला घरात माणूस हवाय गेलन, बाहुलं नको. त्याला कुठेतरी ने आणि जरा जिवंत करून आण."

आता माणूस जिवंत करून आणणं म्हणजे काय दूध आणणं आहे? पण ताईने आयुष्यात भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. गेलनने दाजींना गाडीत घातलं.

पहिली जागा नकाशावरची होती. सरकारी गवताळ जमीन, त्यावर गेलनने पूर्वी स्वतः बघितलेली मोठी वस्ती. दोघे पोचले तेव्हा तिथे बिळं जिथल्या तिथे होती, पण बिळांच्या तोंडांवर कोळ्यांची जाळी धरली होती. एक शिट्टी नाही, एक शेपटी नाही. पिसवांबरोबर प्लेग आला की असली वस्ती दोन आठवड्यांत साफ होते. गेलन कमरेवर हात ठेवून त्या ओसाड माळाकडे बघत उभा राहिला.

"गेले वाटतं सगळे," वेंडेल म्हणाला.

"दिसतंय मला, दाजी."

"रिकामंच आहे."

"दिसतंय म्हटलं ना!"

वेंडेल मात्र तिथून हलेना. जाळी धरलेल्या एका बिळाकडे तो इतका वेळ बघत राहिला की गेलनला स्वतःचीच लाज वाटली. रिकाम्या गोठ्यातून माणूस उचलून आणला, तो रिकाम्या वस्तीत आणून उभा केला. व्वा रे गेलन. त्याने दाजींच्या दंडाला धरून त्यांना ट्रककडे वळवलं.

दुसऱ्या जागेवर मिनेसोटाच्या नंबरपाट्यांचे ट्रक ओळीने लागलेले होते आणि जत्रेसारखी माणसं टेबलं मांडून बसली होती. तिथे आता जे काही जिवंत असेल ते बिळातून ख्रिसमसपर्यंत वर येणार नव्हतं. म्हणजे सरकारी जमिनीचा नाद सोडायचा आणि रँचवाल्याचं दार ठोठवायचं. आणि त्याचं एक शास्त्र असतं. अंगणात शिरलं की लगेच उतरायचं नाही, घरच्या कुत्र्यांचं भुंकणं थांबेपर्यंत ट्रकमध्ये बसायचं. उतरल्यावर टोपी काढायची. आधी पावसावर बोलायचं, मग वैरणीवर, मग टोळांवर. मग दोघांनी मिळून डोंगराकडे बघत थोडं गप्प राहायचं. त्यानंतर, आत्ताच आठवल्यासारखं, म्हणायचं की तुमच्याकडे डॉगचा त्रास आहे का हो.

गेलनने दाजींना वाटेत बजावलं होतं, "तुम्ही फक्त मान हलवा."

पहिला भेटलेला रँचवाला उंच, वाळका म्हातारा होता. पाऊस झाला, वैरण झाली, टोळ झाले. दोघे डोंगराकडे बघत गप्प उभे राहिले. म्हाताऱ्याने स्वतःहून जमिनीवर थुंकून म्हटलं, "ते डॉग तर माझं सगळं गवत खाऊन बसले." घास अगदी तोंडाशी आला होता. आणि दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या वेंडेलला नेमका तिथेच कंठ फुटला.

"गुरं किती आहेत तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. "पुरेशी आहेत," तो म्हणाला, टोपी डोक्यावर घातली आणि घरात निघून गेला.

ट्रकमध्ये बसल्यावर गेलनने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "दाजी! अहो, इकडे असं विचारत नाहीत! माणसाला त्याची गुरं किती विचारणं म्हणजे बँकेत किती ठेवलेत विचारणं!"

"आमच्याकडे सगळे विचारतात," वेंडेल म्हणाला. "दुभत्या किती आहेत, हेच आधी विचारतात." आणि मग जरा थांबून, "म्हणजे, विचारायचे."

गेलनच्या ओठावर आलेली शिवी त्याने गिळली आणि गाडी सुरू केली. हेच तर झालं होतं सगळ्यांचं. दाजींना कोणी काही बोलतच नव्हतं. हाच वेंडेल एके काळी दुधाच्या टँकरवाल्याला उशीर झाला म्हणून असा झापायचा की शेजारच्या शेतावर ऐकू जायचं. आता शेजारी दबक्या आवाजात बोलायचे, पाद्री खांद्यावर हात ठेवायचा, ताई त्याच्यासमोर भांडं आदळायलासुद्धा भ्यायची. जपून, जपून. काचेचं भांडं घेऊन हजार मैल गाडी चालवतोय असं गेलनला वाटायला लागलं होतं, आणि त्यापायी त्याच्या मानेत उसण भरली होती.

आर्डिथ व्हाव्रा त्यांना एका पशुखाद्याच्या दुकानात भेटल्या. सत्तरीची, उन्हाने रापलेली, ठेंगणी बाई. नवरा गेल्यापासून सगळी रँच एकट्या बघत होत्या. त्या काउंटरवरच्या माणसाला सांगत होत्या की डॉगनी त्यांच्या मागच्या कुरणाची पार वाट लावली. गेलनने टोपी काढली. पाऊस, वैरण, टोळ. वेंडेलच्या पायावर त्याने हळूच आपला बूट ठेवला होता, तो शेवटपर्यंत उचलला नाही.

"या," व्हाव्राबाई शेवटी म्हणाल्या. "पण माझा एकच नियम आहे. वाटेत तीन फाटकं लागतील. फाटक लावलेलं दिसलं तर जाताना लावायचं. उघडं दिसलं तर उघडं सोडायचं. जसं सापडेल तसं. शहाणपणा करायचा नाही."

"हो बाई, अर्थात," गेलन म्हणाला.

"हो सगळेच म्हणतात. उद्या पहाटे मी डोळे दाखवायला रॅपिड सिटीला चाललेय, मुक्काम लेकीकडे. परवापर्यंत इकडे बघायला कोणी नाही. म्हणून सांगतेय."

ती जागा म्हणजे काय सांगावं! पहिलं फाटक लागलं, दुसरं लागलं, मग एक पवनचक्की आणि तिच्याखाली पाण्याचं मोठं टाकं, त्याच्या पुढे तिसरं फाटक, आणि पलीकडे दृष्टी पोचेल तिथपर्यंत मातीचे उंचवटे, प्रत्येक उंचवट्यावर एक एक गुबगुबीत जीव ताठ उभा. इतक्या वर्षांत अशी वस्ती गेलनने पाहिली नव्हती. त्या मुलखातलं फाटक म्हणजे काटेरी तारांचा ताणलेला पट्टा, कडी काढून बाजूला गवतात ओढून ठेवायचा; आणि ते काम शेजारी बसलेल्याचं, त्यामुळे वेंडेल प्रत्येक ठिकाणी उतरत होता, चढत होता. तिसऱ्या फाटकाशी त्याला जरा वेळ लागला. पण गेलनच्या डोळ्यांना दुर्बीण होती आणि तोंडाने तो मोजायचा प्रयत्न करत होता. मागे काय चाललंय ते त्याने बघितलंच नाही.

दुपारभर गेलनने मनसोक्त नेम धरले. दाजींना त्याने दुसरी रायफल दिली, टेबल मांडून दिलं, हातात दुर्बीण दिली. वेंडेलने एक गोळी झाडली नाही.

"डावीकडच्या तिसऱ्या बिळावर बघा, दाजी, दोन आहेत का?"

"त्या लाल गाईला खुरात काहीतरी झालंय," वेंडेल म्हणाला. दुर्बीण त्याने पलीकडच्या उतारावर लांब चरणाऱ्या गुरांवर लावली होती.

गेलनने डोळे मिटून घेतले. पालथ्या घड्यावर पाणी! एवढा प्रवास, एवढा खटाटोप, आणि दाजी इथेही गाईच बघतायत, त्याही दुसऱ्याच्या. ऊन उतरायला लागल्यावर त्याने सामान आवरलं. परत निघताना वेंडेल तिन्ही ठिकाणी उतरला, फाटक उघडलं, ट्रक बाहेर आला, फाटक लावलं. सगळं रीतसर झालं असं गेलनला वाटलं.

गावातल्या जेवणघरात गरम मांसाचं सँडविच आलं, त्यावर कुस्करलेले बटाटे आणि वरून रस्सा. गेलन खूश होता. उद्या परत, परवा परत. कदाचित दाजी एखादी तरी गोळी झाडतील.

"ते शेवटचं फाटक फार ताणलेलं होतं," वेंडेल काट्याने बटाटा उकरत म्हणाला. "ओढून लावताना खांदा भरून आला."

"हो का."

"लोकांना काळजीच नाही. गवतात पडलं होतं लोळत. मी उचलून लावलं म्हणून, नाहीतर गुरं बाहेर आली असती."

गेलनचा काटा हवेतच थांबला. "लोळत होतं म्हणजे?"

"उघडं होतं. कोणीतरी विसरलं असेल."

"कधी? आपण जाताना? आपण गेलो तेव्हा तिसरं फाटक उघडं होतं?"

"हो. मग मी लावलं."

"दाजी!" गेलन ओरडला आणि लगेच त्याने आवाज खाली आणला, कारण शेजारच्या टेबलावरच्या दोन टोप्या वळल्या होत्या. "अहो, पाणी अलीकडे आहे! ते टाकं फाटकाच्या अलीकडे! गुरं पलीकडे! ती बाई काय म्हणाली होती? जसं सापडेल तसं!"

वेंडेलचा चेहरा पांढरा पडला. तो दुधाच्या मुलखातला माणूस. तिथे गाय रस्त्यावर आली की मेली, नाहीतर कोणाला तरी मारलं. तिथे लहान पोर चालायला शिकण्याआधी फाटक लावायला शिकतं. उघडं फाटक बघून त्याच्या हाताने त्याला विचारलंच नव्हतं. पण इथल्या माळावर उघडं फाटक म्हणजे गुरांची पाण्याची वाट.

"या उन्हात," वेंडेल पुटपुटला. "वासरं आहेत त्यांच्यात. अंगावर पिणारी."

"उठा."

फोन करावा तर बाईंचा नंबर कोणी घेतला होता? वाढणारीला विचारलं तर नक्की मिळाला असता. पण मग 'विस्कॉन्सिनवाल्यांनी व्हाव्राबाईंचं फाटक लावलं' ही बातमी कॉफीच्या कपाबरोबर सगळ्या जिल्ह्यात फिरली असती, आणि गेलनला पुन्हा तिथे कोणी अंगणात ट्रकसुद्धा वळवू दिला नसता. अर्धं जेवण टाकून दोघे निघाले. तासाभराची वाट गेलनने एकदाही ब्रेक न दाबता काढली.

"हे बघा दाजी," तो वाटेत म्हणाला, "गुपचूप जायचं, फाटक उघडायचं, गुपचूप यायचं. कोणाला काही कळायचं कारण नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. होतं असं. कोणाच्याही हातून होतं."

या वेळी वेंडेल 'तू म्हणशील तसं'सुद्धा म्हणाला नाही.

पवनचक्की दिसायच्या आधी हंबरडे ऐकू आले. तिसऱ्या फाटकाला गुरं नुसती चिकटली होती, एकावर एक. पाण्याचा वास नाकात, तारेपलीकडे टाकं चमकतंय, आणि मध्ये फाटक. मागची पुढच्यांना रेटत होती, पुढच्यांच्या छातीत काटेरी तार रुतत होती. काही वासरं जिभा काढून आडवी पडली होती. ट्रक थांबायच्या आत वेंडेलने उडी मारली.

"दाजी, जपून! ही दुधाच्या गाईंसारखी नाहीत, तुडवतील!"

"होऽऽऽ," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज गेलनला ओळखूच आला नाही. खालचा, लांब, घशातून आलेला. "होऽऽऽ गं बायांनो. मागे. मागे सरा. होऽऽऽ." पुढच्या गाई क्षणभर थबकल्या, तार जरा ढिली झाली, आणि त्याने खांद्याने खांब दाबून कडी काढली, फाटक ओढत बाजूला गवतात नेलं. गुरांचा लोंढा त्याच्या अंगाला घासून पाण्याकडे गेला. वेंडेल मागे राहिलेल्या वासरांकडे पळाला. एकेकाला पोटाखाली हात घालून त्याने उभं केलं, ढोपराने ढकलत टाक्यापर्यंत नेलं, गर्दीतल्या गाईंना कुल्ल्यावर चापट्या मारून बाजूला केलं. गेलन नुसता उभा. त्याला गुरांचं काही कळत नव्हतं आणि मध्ये जायची छातीही नव्हती.

त्या माळावर धुरळा लपत नाही. परत येणारा ट्रक व्हाव्राबाईंनी घरातून पाहिला होता. त्या शेतावरच्या चार चाकांच्या उघड्या मोटारसायकलवरून आल्या, उतरल्या, आधी गुरांकडे बघितलं, मग गवतात लोळणाऱ्या फाटकाकडे, मग गेलनकडे.

"काय झालं?"

गेलनच्या डोळ्यांसमोर ते हजारो मातीचे उंचवटे आले. अशी जागा पुन्हा सापडणार नव्हती. आणि दाजी, आधीच मोडलेला माणूस, त्याच्यावर आता ही बाई तोंड टाकणार. तो बोलून गेला, "बाई, आम्ही दुपारी आलो तेव्हा हे फाटक लावलेलंच होतं. म्हणून आम्ही तसंच लावून गेलो. मग जेवताना मला वाटलं, पाणी तर अलीकडे आहे, जरा बघून यावं."

"लावलेलं होतं?"

"हो."

"सकाळी मी माझ्या हाताने उघडून ठेवलंय."

"मग... वाऱ्याने असेल. वारा फार होता."

व्हाव्राबाईंनी टोपी मागे सारली. "वाऱ्याने? तारेचं फाटक वाऱ्याने गवतातून उचललं, ओढत खांबापर्यंत आणलं, ताणलं, आणि वर कडी घातली? फारच गुणी वारा आहे. त्याला माझ्याकडे कामाला ठेवते."

गेलनचे कान तापले. तोंड उघडलं होतं त्याने, अजून काहीतरी सांगायला, देव जाणे काय, पण तेवढ्यात वेंडेल टाक्याकडून आला. गुडघ्यापर्यंत चिखल, सदऱ्यावर शेण, एका दंडाला तारेने ओरखडून रक्त.

"फाटक मी लावलं," तो म्हणाला. "उघडं होतं, मी लावलं. वारा नव्हता. याला माहीतही नव्हतं."

"का लावलंत? मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. माझ्याकडे गाई होत्या, जन्मभर. उघडं फाटक दिसलं की हात लावतोच. गाई गेल्या, हाताला कोणी सांगितलं नाही." त्याने टोपी काढली. "एका वासराला त्याच्या आईने चाटायला हवं, ती अजून ओळखत नाहीये त्याला. ती कान फाटलेली. आणि तुमच्या लाल गाईचा मागचा खूर सडतोय. उद्या तुम्ही नाही आहात, तर आजच बघा. आम्ही जातो."

बाईंनी वासराकडे बघितलं, कान फाटलेल्या गाईकडे बघितलं.

"तुमच्यावर माझा राग नाही," त्या वेंडेलला म्हणाल्या. "हाताची सवय मला कळते. माझा नवरा मेल्यावर मी वर्षभर दोन कप काढत होते." मग त्या गेलनकडे वळल्या. "पण तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. आणि वाऱ्यावर ढकललंस. तू पुन्हा माझ्या जमिनीवर पाय ठेवू नकोस. हे कधी आले तर येऊ देत. एकटे."

झालं! वर्षानुवर्षं रान तुडवलं, रँचवाल्यांच्या कुत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या, शेवटी घबाड हाती लागलं, आणि हाकलला कोण गेला? गेलन. आणि आमंत्रण कोणाला? ज्याने फाटक लावलं, ज्याने एक गोळी झाडली नाही, त्याला! गेलनला हसावं की रडावं कळेना. त्याने ट्रकचं दार असं आपटलं की आरसा हलला.

पहिल्या फाटकातून ते बाहेर पडले. मग गेलन म्हणाला, "जाऊ द्या दाजी. मनाला लावून घेऊ नका."

"गाढवा!" वेंडेल म्हणाला.

गेलनने चमकून बघितलं.

"गाढव आहेस तू! वारा? वारा काय? त्या बाईसमोर मला असं उभं केलंस, जसं काही माझ्या तोंडाला जीभच नाही! मी चुकलो तर मला चुकलात म्हण ना! दोन दिवस बघतोय, 'मनाला लावून घेऊ नका, होतं असं'. काय होतं असं? ती वासरं उन्हात मेली असती तर होतं असं? असं होत नसतं! माझ्या गोठ्यात कोणी असं केलं असतं तर मी त्याला शेणात लोळवला असता!"

"अहो दाजी, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नकोस! सगळे माझ्यासाठी करतायत! तू, तुझी ती बहीण, तो पाद्री! हळू बोला, वेंडेल ऐकतोय! जपून, वेंडेल मोडेल! मी गाई विकल्यात गेलन, अक्कल नाही विकली! आणि ही काय गाडी चालवतोस, त्या खड्ड्यात कशाला घातलीस? डोळे फुटले का तुझे?"

डॅशबोर्डवर फोन वाजला. चढावर आल्यामुळे रेंज आली होती. लोरेनताई रोज या वेळेला विचारायची, जेवला का म्हणून. गेलनने एका हाताने फोन कानाला लावला. शेजारी वेंडेल आता मिनेसोटाच्या ट्रकवाल्यांवर घसरला होता, तिथून रायफलीवर, तिथून सँडविचमधल्या पाणचट रश्श्यावर.

"गेलन? हा कसला गोंधळ? कोण ओरडतंय?"

"दाजी."

"कोण?"

"तुझा नवरा, ताई."

"कोणावर?"

"माझ्यावर. मघापासून. मला गाढव म्हणालेत, आंधळा म्हणालेत, आता बहुतेक आपल्या बापावर येतील."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "ओरडू दे त्याला."

पुढे उतार होता, आणि उतारावर फोन तुटतो हे गेलनला माहीत होतं. त्याने ट्रक चढावरच कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि फोन दाजींच्या दिशेने धरून बसला. हात अवघडला तरी त्याने तो खाली घेतला नाही. वेंडेलचं फोनकडे लक्षही नव्हतं.

"आणि आता थांबलास कशाला?" तो गरजला. "मी सांगितलं होतं थांबायला?"